'प्रिन्स ऑफ पर्शिया': जुने खेळ, नवे खेळ आणि पुण्या-मुंबईचा अपुरा राहिलेला प्रकल्प

फ्रान्समधील युबिसॉफ्ट या कंपनीने २१ जानेवारी २०२६ रोजी आपल्या फेररचनेची घोषणा केली आणि तयार होत असलेले सहा व्हिडिओ गेम रद्द केले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ मधील गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती ही त्यांपैकी एक होती. खेळात क्षमता होती, परंतु अपेक्षित दर्जा गाठता आला नाही आणि त्यासाठी लागणारा आणखी वेळ व पैसा देणे शक्य नाही, असे कारण या आवृत्तीच्या संदर्भात देण्यात आले.

भारतीय खेळाडूंना या बातमीची चुटपुट अधिक लागली. सप्टेंबर २०२० मध्ये या नव्या आवृत्तीची घोषणा झाली, तेव्हा तिची निर्मिती कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होती. १९८९ पासून चालत आलेल्या आणि जगभर ओळखल्या जाणाऱ्या साहस-मालिकेतील सर्वांत लाडक्या खेळाची पुनर्निर्मिती महाराष्ट्रात होणार होती. ती का झाली नाही हे समजून घ्यायचे, तर या मालिकेतील जुने आणि नवे खेळ एकमेकांपासून कोठे वेगळे आहेत, हे आधी पाहावे लागते.

साठ मिनिटांचा शहजादा

अमेरिकेतील जॉर्डन मेकनर या तरुणाने ॲपल-२ या संगणकासाठी मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' तयार केला आणि ब्रॉडरबंड या कंपनीने तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. कथा अगदी साधी होती. सुलतान मोहिमेवर गेलेला असतो. जाफर नावाचा वजीर राजकन्येला कोंडतो आणि विवाह किंवा मृत्यू यांपैकी एकाची निवड करण्यासाठी तिला एका तासाची मुदत देतो. तळघरात कैदेत असलेल्या नायकाने साठ मिनिटांच्या आत बारा टप्पे ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचायचे असते.

त्या काळात या खेळाने लोकांना थक्क केले ते पात्रांच्या हालचालींमुळे. मेकनर यांनी आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून धावायला आणि उड्या मारायला लावले व त्याचे चित्रण केले. त्या चित्रणातील एकेक चौकट त्यांनी संगणकावर उतरवली. रोटोस्कोपी या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र चित्रपटांत जुनेच होते. तलवारबाजीसाठी त्यांनी १९३८ मधील 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. संगीत त्यांचे वडील फ्रान्सिस मेकनर यांचे होते. परिणामी पडद्यावरचा नायक खरोखरीच्या माणसासारखा अडखळत थांबे, कठड्याला बोटांनी लोंबकळे आणि उंचावरून पडला तर मरे.

या खेळातील सर्वांत स्मरणीय पात्र मात्र अडचणीतून जन्मले. संगणकाची स्मृती इतकी तोकडी होती की नव्या शत्रूची चित्रे साठवण्यास जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनर यांनी नायकाच्याच चित्रांवर एक साधी गणिती प्रक्रिया करून त्याची काळसर, चमचमणारी प्रतिमा तयार केली. आरशातून बाहेर पडणारी ही छाया नायकाला वाटेत छळते आणि अखेरीस तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार नायकालाच लागतो. तलवार म्यान केली की दोघे एकरूप होतात. स्वतःशी लढून जिंकता येत नाही, हे एका शब्दाचाही आधार न घेता खेळाडूला कळत असे.

ॲपल-२ ची सद्दी तोवर संपत आली होती, त्यामुळे प्रारंभी विक्री मंद राहिली. अन्य संगणकांसाठी आवृत्त्या निघाल्या, युरोप आणि जपानमध्ये त्या लोकप्रिय झाल्या आणि मग खेळाचे नाव सर्वत्र पोहोचले. भारतात अनेकांनी तो डॉस प्रणालीच्या संगणकावर फ्लॉपीमधून खेळला. मेकनर यांना हरवलेली वाटणारी मूळ आज्ञावली २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात सापडली. जुन्या चकत्यांवरून ती उतरवून घेण्यात आली आणि अभ्यासकांसाठी खुली करण्यात आली.

परिचित भासणारी दुनिया

या खेळातील इराण इतिहासातला नव्हे, तर 'अरेबियन नाइट्स'च्या कथांमधला आहे. मराठी वाचकाला ती दुनिया कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या नावाशी जोडलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'मुळे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. वजीर, तख्त, खंजीर, शहजादा हे शब्द मराठीत फारसीच्या संपर्कातून रुळले. बुद्धिबळाच्या पटावर तर इंग्रज ज्या सोंगटीला राणी म्हणतो, तिला मराठी माणूस वजीरच म्हणतो.

उत्तर भारतात हा धागा आणखी जवळचा आहे. लखनौच्या नवाब घराण्याचे संस्थापक सआदत खान हे मूळचे इराणमधील निशापूरचे, आणि फारसी ही त्या दरबाराच्या संस्कृतीची भाषा होती. त्यामुळे लखनौच्या इंदिरा नगरसारख्या आधुनिक वसाहतीत, घरच्या संगणकावर हा खेळ सुरू करणाऱ्या मुलाला त्यातील कमानी, जाळीदार खिडक्या आणि 'वजीर' हा शब्द अगदीच परके वाटण्याचे कारण नव्हते. शहराच्या जुन्या भागातील इमामवाडे त्याने पाहिलेलेच असतात.

२००३: चूक सुधारण्याची मुभा

१९९३ मध्ये मालिकेचा दुसरा खेळ आला. १९९९ मध्ये तिसरा, त्रिमितीय खेळ निघाला. तो मात्र फसला. त्यानंतर मेकनर यांच्या सहभागाने युबिसॉफ्टच्या कॅनडातील माँट्रियल स्टुडिओने नोव्हेंबर २००३ मध्ये 'द सँड्स ऑफ टाइम' प्रसिद्ध केला. मालिकेचा खरा पुनर्जन्म तो हाच.

या खेळाचा आरंभ भारतात होतो. इराणचा राजा शारामन आपल्या सैन्यासह भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावर चाल करून जातो. महाराजाचाच वजीर फितूर झालेला असतो. तरुण शहजादा पित्याला आपले शौर्य दाखवण्याच्या ईर्ष्येने खजिन्यातील एक खंजीर पळवतो आणि पुढे वजिराच्या चिथावणीला बळी पडून त्याच खंजिराने कालवाळूचे प्रचंड घड्याळ उघडतो. मोकळी झालेली वाळू जवळपास साऱ्यांना राक्षसी रूप देते. वाचतात ते शहजादा, वजीर आणि महाराजाची कन्या फराह. म्हणजे या कथेत नायकच आक्रमक आहे, अपराधीही तोच आहे, आणि ज्या तरुणीचे घर त्याने लुटले तिच्याच मदतीने त्याला आपले कृत्य निस्तरायचे आहे.

खंजिराच्या शक्तीने काळ काही सेकंद मागे नेता येतो. उडी चुकली, खाली पडला, तर एक कळ दाबून ठेवताच शहजादा उलट दिशेने वर येतो आणि पुन्हा कठड्यावर उभा राहतो. यासाठी संगणकाला प्रत्येक क्षणी पात्रे कोठे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, याची नोंद सतत ठेवावी लागते आणि ती उलट क्रमाने वाचावी लागते. ही मुभा अमर्याद नाही. खंजिरातील वाळू संपते आणि शत्रूंचा पाडाव करून ती पुन्हा मिळवावी लागते.

या एका युक्तीने साहस-खेळांचे स्वरूप बदलले. १९८९ मध्ये चुकीची शिक्षा म्हणजे टप्पा पुन्हा पहिल्यापासून, आणि घड्याळ मात्र पुढे सरकलेले. २००३ मध्ये चूक हा शिकण्याचा भाग झाला. त्यामुळे निर्मात्यांना अधिक अवघड कसरती रचता आल्या: भिंतीवरून आडवे धावणे, खांबावरून खांबावर झेपावणे, फिरत्या पात्यांमधून निसटणे.

कथनही याच युक्तीत गुंफलेले आहे. सारी कथा शहजादा कोणाला तरी सांगत असतो. खेळाडू मेला, तर असे घडलेच नव्हते, असे म्हणून तो कथा मागे घेतो. शेवटी कळते की त्याने काळ आक्रमणाच्या आधीपर्यंत मागे नेला आहे आणि ही हकिगत तो फराहलाच सावध करण्यासाठी सांगत आहे. तिला मात्र त्यातले काहीच आठवत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते घडलेलेच नाही. चूक पुसण्याची किंमत म्हणजे त्या चुकीच्या काळात मिळालेली सोबतही पुसली जाणे. हा खेळ खेळलेल्यांच्या मनात घर करून राहतो तो मुख्यतः या शेवटामुळे.

पुढील खेळांचे हेलकावे

२००४ मधील 'वॉरियर विदिन'ने सूर बदलला. काळाशी खेळल्याबद्दल दहाका नावाचा अक्राळविक्राळ रक्षक शहजाद्याच्या मागे लागतो. लढाई अधिक चुरशीची झाली, पण सोबत रक्तपात वाढला, कर्कश रॉक संगीत आले आणि पहिल्या भागातील मार्दव हरवले. ही दिशा आपल्याला रुचली नाही, असे स्वतः मेकनर यांनीही बोलून दाखवले. २००५ मधील 'द टू थ्रोन्स'ने बॅबिलोन नगरीत दोन्ही सुरांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला आणि शहजाद्याच्या काळ्या प्रतिरूपाच्या द्वारे १९८९ मधील छायेची आठवण जागवली.

याच मालिकेच्या एका प्रस्तावित भागातून 'असॅसिन्स क्रीड' हा वेगळाच खेळ जन्मला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याच्या यशापुढे धाकटे भावंड थोरल्याला झाकोळून टाकते तसे झाले. २००८ मधील, केवळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' याच नावाच्या खेळात चित्रासारखे रेखाटन होते आणि एलिका ही सोबतीण होती. शहजादा दरीत कोसळला की ती दर वेळी त्याचा हात धरून वर घेत असे. पाहण्यास हे मनोहर होते, पण पडण्याची किंमतच उरली नाही, अशी तक्रार अनेकांनी केली. २०१० मध्ये या मालिकेवरील चित्रपट आणि 'द फरगॉटन सँड्स' हा खेळ एकाच सुमारास आले. त्यानंतर संगणक आणि कन्सोलवरील मोठ्या नव्या खेळासाठी तब्बल चौदा वर्षे थांबावे लागले.

२०२४: नवा नायक, जुनी बाजू

जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्या फ्रान्समधील माँपेलिए स्टुडिओने 'द लॉस्ट क्राउन' आणला. त्यात पडदा पुन्हा १९८९ प्रमाणे बाजूने दिसतो. नायक शहजादा नाही. तो सारगॉन नावाचा तरुण योद्धा आहे आणि पळवून नेलेल्या शहजाद्याच्या शोधात तो काफ पर्वतावर जातो. तेथे काळाचे प्रवाह विस्कटलेले आहेत. काफ पर्वत आणि सिमुर्ग पक्षी हे इराणी पुराणकथांतील खरे संदर्भ आहेत, आणि हा खेळ फारसी संवादांसह खेळण्याची सोयही आहे. अरबी कथांच्या कल्पित इराणकडून प्रत्यक्ष इराणी परंपरेकडे मालिकेने टाकलेले हे पाऊल मानावे लागेल.

जुन्या आणि नव्या खेळांतील फरक येथे स्पष्ट दिसतो. १९८९ चा खेळ एका बैठकीत, एका तासात संपवायचा होता. 'द लॉस्ट क्राउन'चा प्रदेश विस्तीर्ण आहे आणि बंद दारे नवी शक्ती मिळाल्यावर पुन्हा येऊन उघडायची असतात. कोणते दार कोठे राहिले हे विसरू नये म्हणून समोरच्या दृश्याचे चित्र टिपून नकाशावर लावता येते. सारगॉनला एका जागी आपली छाया ठेवून क्षणार्धात तेथे परतता येते. एकेकाळी स्मृतीच्या टंचाईतून जन्मलेली छाया आता नायकाच्या हातातील साधन झाली आहे. ज्यांना वाट सापडत नाही त्यांच्यासाठी नकाशावर मार्ग दाखवण्याची आणि ज्यांना कठीण आव्हान हवे त्यांच्यासाठी ते वाढवण्याची सोयही खेळात आहे.

समीक्षकांनी या खेळाची मोठी प्रशंसा केली. विक्री मात्र कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही आणि वर्ष संपण्यापूर्वीच त्याच्या निर्मात्यांना अन्य कामांवर धाडण्यात आले. 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' हा एव्हिल एम्पायर या फ्रेंच स्टुडिओचा लहान आकाराचा खेळ मे २०२४ मध्ये अपुऱ्या स्वरूपात आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात मरण आले की डाव नव्याने सुरू होतो. म्हणजे १९८९ चा कठोरपणा वेगळ्या वेशात परत आला.

पुणे आणि मुंबई

युबिसॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ २००८ पासून, तर मुंबईतील २०१८ पासून आहे. अशा स्टुडिओंच्या वाट्याला दीर्घकाळ चाचणी, रूपांतर आणि साहाय्याची कामे येतात. नाव दुसऱ्याचे, मेहनत आपली, असा तो व्यवहार असतो. १० सप्टेंबर २०२० रोजी 'द सँड्स ऑफ टाइम'च्या पुनर्निर्मितीची घोषणा झाली, तेव्हा या दोन शहरांतील तंत्रज्ञांकडे पुढाकार आला. शहजाद्याला मूळ आवाज देणारे युरी लोवेंथल हेही परत येणार होते. किंमत ४० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या मोठ्या खेळांच्या ६० डॉलरपेक्षा कमी ठेवली होती आणि प्रकाशनाची तारीख २१ जानेवारी २०२१ अशी ठरली होती.

ट्रेलर प्रसिद्ध होताच टीकेचा भडिमार झाला. पात्रांचे चेहरे आणि प्रकाशयोजना कालबाह्य वाटतात, असे प्रेक्षकांचे म्हणणे होते. ही शैली हेतुपुरस्सर निवडली आहे, असे निर्मात्यांनी सांगून पाहिले. प्रकाशन आधी मार्च २०२१ पर्यंत आणि नंतर बेमुदत पुढे गेले. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून, २००३ चा खेळ जेथे घडला त्या माँट्रियलकडे सोपवण्यात आले. २०२४ मध्ये हा खेळ २०२६ मध्ये येईल असे सांगण्यात आले. २०२६ उजाडले, तेव्हा आली ती रद्द झाल्याची बातमी.

या घटनाक्रमावरून भारतीय तंत्रज्ञ कमी पडले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्या स्टुडिओने मूळ खेळ घडवला त्यालाही जवळपास चार वर्षांत तो पुन्हा उभा करता आला नाही, हे विसरता येत नाही. शिवाय कमी किमतीचा मध्यम आकाराचा प्रकल्प आणि प्रेक्षकांची सर्वांत खर्चिक खेळांशी होणारी तुलना, यांत सुरुवातीपासूनच अंतर होते.

पुनर्निर्मिती अवघड का असते

जुन्या खेळाची पुनर्निर्मिती म्हणजे केवळ चित्रे उजळणे नव्हे. २००३ मध्ये कॅमेरा, लढाई आणि कसरती यांची रचना त्या वेळच्या यंत्रांच्या मर्यादेनुसार झाली होती. राक्षसांशी होणारी तीच ती लढाई तेव्हाही अनेकांना कंटाळवाणी वाटे. ती तशीच ठेवली तर नव्या खेळाडूला जुनाट वाटते. बदलली तर जुना खेळाडू आपला खेळ हरवल्याची तक्रार करतो. चेहऱ्यांतील बारकावे वाढले की संवादांचा अभिनयही नव्याने टिपावा लागतो. उडीचे अंतर थोडे बदलले तरी त्या उड्यांभोवती रचलेला संपूर्ण राजवाडा पुन्हा मोजावा लागतो.

यात आठवणीचीही अडचण आहे. वीस वर्षांपूर्वी पाहिलेला खेळ मनात प्रत्यक्षापेक्षा देखणा झालेला असतो. नव्या आवृत्तीची तुलना जुन्या खेळाशी होतच नाही, ती त्या मनातल्या प्रतिमेशी होते. 'द लॉस्ट क्राउन'ला ही अडचण तुलनेने कमी जाणवली, कारण त्याने जुने रूप उतरवण्याऐवजी जुना विचार उचलला: काळ हा शत्रू, साधन आणि शिक्षक अशा तिन्ही भूमिकांत असू शकतो, हा तो विचार.

२०२० मध्येच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्वतंत्र चमूने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' प्रसिद्ध केला, हेही येथे नोंदवायला हवे. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी राजी ही मुलगी प्राचीन भारतातील किल्ल्यांच्या भिंती चढते, उड्या मारते, असुरांशी लढते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू सांगतात. त्या चमूला ना मोठे नाव सांभाळायचे होते, ना कोणाच्या वीस वर्षांच्या आठवणींना उत्तर द्यायचे होते. एकाच शहरातील हे दोन प्रयत्न शेजारी ठेवले, तर एक गोष्ट दिसते. दुसऱ्याचा लाडका खेळ पुन्हा घडवण्यापेक्षा स्वतःची कथा लहान आकारात सांगणे पूर्णत्वाला जाण्याची शक्यता अधिक असते. मात्र मोठ्या प्रकल्पाचा अनुभव मिळवण्याची संधी त्यातून मिळत नाही, आणि पुण्या-मुंबईने २०२२ मध्ये गमावले ते नेमके हेच.

नव्याने ओळख करून घेणाऱ्यांसाठी

ही मालिका प्रथमच खेळणाऱ्याने कालक्रम पाळण्याची गरज नाही. १९८९ चा खेळ आजही हाताळण्यास सोपा आणि जिंकण्यास अवघड आहे. एक संध्याकाळ त्याला द्यावी. कथेसाठी २००३ चा 'द सँड्स ऑफ टाइम' जुन्याच रूपात खेळावा. त्यातील चित्रे जुनी झाली असली तरी शहजादा आणि फराह यांचे संभाषण जुने झालेले नाही. हालचालींची सफाई आणि प्रदेश धुंडाळण्याचा आनंद हवा असेल, तर २०२४ चा 'द लॉस्ट क्राउन' योग्य ठरेल. 'वॉरियर विदिन' मात्र लहान मुलांच्या हाती देण्याजोगा नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.